सेवेशी संबंध नाही

वडगावला कोर्टाच्या रस्त्याला माझं टायपिंगचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या. सातबाऱ्याच्या दुरुस्त्या, वारसनोंदी, बांधाची भांडणं, सोडचिठ्ठीच्या नोटिसा, सगळं माझ्या बोटांखालून जातं. इतक्या वर्षांत इतकं खोटं टाइप केलंय की त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं. हौशीराम ओव्हाळांच्या फायलीनं मात्र शिसारी आणली, आणि ती अजून गेलेली नाही.

ते पहिल्यांदा आले २०१६च्या उन्हाळ्यात. ताठ कणा, पॉलिश केलेले बूट, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. मूळचे आंदर मावळातले. फौजेत बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून दोन वर्षांपूर्वी घरी आले होते. लोणावळ्यात भांगरवाडीला दोन खोल्यांत राहायचे आणि खंडाळ्याच्या एका बंगल्याची राखण करायचे.

"ताई, अपील टाइप करायचंय. विंग्रजीत," ते म्हणाले. "एक बी अक्षर चुकाया नको."

मसुदा त्यांनी एका निवृत्त सुभेदाराकडून लिहून आणला होता. तो टाइप करता करता मला प्रकरण कळलं. निवृत्तीच्या वेळच्या तपासणीत त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस सी निघाला होता. रक्तातून रक्तात जाणारा विषाणू, वीस-वीस वर्षं गुपचूप बसून यकृत पोखरणारा. नोकरीत असताना आजार जडला तर अपंगत्वाची पेन्शन मिळते. पण तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळानं खाली एक ओळ लिहून टाकली होती: सेवेशी संबंध नाही. त्याविरुद्ध हे अपील.

त्यांनी सही केली, फाइल परत गुंडाळली आणि गेले. ते गेल्यावर मी उठून साबणानं हात धुतले. त्यांचे कागद हाताळले म्हणून. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. आज लिहितेय, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांच्यात मी नव्हते असं कोणाला वाटू नये.

उत्तर यायला पावणेदोन वर्षं लागली. पाकीट घेऊन ते आले तेव्हा सोबत बायको होती, सविता. बारीक चणीची, चटपटीत बाई. लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. हौशीरामभाऊंना इंग्रजी वाचता यायचं, पण सरकारी इंग्रजी लागायचं नाही. मी वाचून मराठीत सांगायला लागले. नंबर, हुद्दा, नाव, तारखा. मग तपासणी मंडळाच्या नोंदीतून उचललेला कारणांचा परिच्छेद आला आणि मी अडखळले. एक ओळ गाळून पुढे गेले.

सविता माझ्याकडेच बघत होती. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण माझा डोळा कुठं थांबला ते तिनं पाहिलं होतं.

"ताई, तू मधलं काय तरी सोडलंस."

"काही नाही हो, तेच ते आहे."

"वाच," हौशीरामभाऊ म्हणाले.

मी वाचलं. "सदर संसर्ग हा व्यक्तीच्या वैयक्तिक वर्तनातून, म्हणजे असुरक्षित शरीरसंबंध अथवा गोंदण यांतून झाला असण्याची शक्यता आहे. सबब, सेवेशी संबंध नाही."

झेरॉक्स काढायला आलेला एक माणूस दारात उभा होता. तो खाली बघायला लागला. सविता नवऱ्याकडे वळली.

"हे लिवताना तुमाला इचारलं व्हतं का त्यांनी?"

"दारू पितोस का, येवढं इचारलं व्हतं. न्हाई म्हनलं. मंग हातावरचं गोंदन बघितलं."

"आन् ते दुसरं? बायांचं?"

"ते न्हाई इचारलं."

"न इचारताच लिवलं?"

सविता उठली, दुकानाबाहेर गेली आणि गटारात थुंकली. परत येऊन खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, "दुसरं अपील असतंय ना? कर टाइप."

त्यांच्या हातावरचं गोंदण मी त्या दिवशी नीट पाहिलं. मनगटाच्या वर पिंपळाचं पान आणि खाली नाव, हिरवट पडलेलं. सहा-सात वर्षांचे असताना मावशीनं जत्रेत गोंदवून घेतलेलं. फायलीत त्यांचा भरतीचा कागद होता. त्यात 'ओळखीची खूण' या रकान्यात तेच लिहिलं होतं: डाव्या हातावर पान व नाव गोंदलेले. पुढे शेरा: पूर्णपणे निरोगी. घेताना ज्या खुणेनं माणूस ओळखला, सोडताना तीच त्याच्या अंगाला चिकटवली. मी तो कागद दुसऱ्या अपिलाला जोडला आणि त्या ओळीखाली लाल रेघ मारली.

त्याच सुमाराला त्यांचे उपचार सुरू झाले. तळेगावच्या एका डॉक्टरीणबाईंनी सहा महिने गोळ्या दिल्या. गोळ्यांनी विषाणू गेला, पण तोवर यकृत कडक झालं होतं, ते काही मऊ होणार नव्हतं. पोटात पाणी धरायचं, पाय सुजायचे. बंगल्याच्या मालकांना कधीतरी गोळ्यांची डबी दिसली. मुंबईचे शिकलेले लोक, शनिवार-रविवार यायचे. मालकीणबाईंनी फोनवर रोगाचं नाव शोधलं आणि पुढच्या शनिवारी भाऊंचा चहा निराळ्या कपात आला. तो कप स्वयंपाकघरात नाही, मागच्या नळाजवळ खिडकीत ठेवायचा, असं मोलकरणीला सांगून ठेवलं होतं.

हा रोग कपानं पसरत नाही. डॉक्टरीणबाई हे फोनवर सांगायलाही तयार होत्या. पण भाऊंनी मालकांना काही समजावलं नाही.

"माजा बाप सखाराम," ते मला म्हणाले, "टाकव्याच्या हाटेलात भाईर ठेवल्याला कप सोता इसळून घ्यायचा, चा प्यायचा आन् परत इसळून पालता घालायचा. लहानपनी मी त्याच्यासंगं असायचो. तवाच ठरवलं, फौजेत जायाचं. तितं सगळ्यांचा मग सारखा असतो. आन् आता पंचेचाळीस वरसाचा हून मी खंडाळ्याला पुन्ना त्याच कपाशी आलो."

त्यांनी चहा झाडात ओतला, चाव्या टेबलावर ठेवल्या आणि काम सोडलं. पुढं एका सोसायटीच्या फाटकावर बसायला लागले. तिथं त्यांनी कोणाला आजाराचं सांगितलं नाही.

दुसऱ्या अपिलाचं उत्तर २०२१मध्ये आलं. मी ते पहिल्या उत्तराशेजारी ठेवून पाहिलं. तोच परिच्छेद. पहिल्या पत्रात 'गोंदण' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं होतं, ते दुसऱ्यातही तसंच चुकलेलं. लाल रेघ मारलेला कागद कोणी उघडून पाहिला नव्हता. जुनी ओळ उचलून नव्या कागदावर ठेवायला त्यांना तीन वर्षं लागली होती.

आता राहिलं होतं ते सैनिकांच्या खटल्यांसाठीचं मुंबईचं न्यायाधिकरण. पुण्यातल्या एका वकिलांनी फाइल चाळली आणि विचारलं, "नोकरीत कधी रक्त चढवलं होतं?"

चढवलं होतं. १९९७च्या हिवाळ्यात ईशान्येच्या डोंगरात त्यांचा ट्रक दरीत गेला होता. भाऊंची पानथरी, म्हणजे पोटातली प्लीहा, फाटली. पुढच्या ठाण्यावरच्या तंबूतल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. रक्तपेढी नव्हती, म्हणून डॉक्टरांनी पलटणीतल्या जवानांना रांगेत उभं केलं आणि गट जुळलेल्या दोघांचं रक्त काढलं. त्यातला एक बिहारचा होता, त्याचा पुढं पत्ता नाही. दुसरा धोंडिबा, आपल्याच मावळातला, लोहगडवाडीचा. त्या काळी रक्त या रोगासाठी तपासतच नव्हते. धोंडिबा २००९मध्ये नोकरीत असतानाच यकृत निकामी होऊन मेला. तो याच रोगानं गेला अशी भाऊंची खात्री होती, पण त्याला तो कुठून लागला, कोणाला ठाऊक नाही. भाऊ म्हणायचे, भरतीनंतर एकाच काचेच्या सिरिंजनं अख्ख्या रांगेला टोचायचे, तेव्हाच लागला असेल.

तंबूतल्या दवाखान्याचे कागद मागितले तर कळलं, मुदत संपल्यानं नष्ट केलेत. वकील म्हणाले, "मग त्या धोंडिबाच्या बायकोचं प्रतिज्ञापत्र आणा. नवऱ्यानं रक्त दिलं होतं आणि तो याच रोगानं गेला, एवढं तिनं लिहून दिलं तर केस उभी राहील."

प्रतिज्ञापत्र जागेवरच लिहून घ्यावं म्हणून मीही सोबत गेले. मळवलीला उतरून जीपनं लोहगडवाडीला. धोंडिबाच्या बायकोची, शालूबाईंची, टपरी गडाच्या पायऱ्यांकडे जाणाऱ्या वाटेवर होती. निळी ताडपत्री, चूल, लिंबू सरबताच्या बाटल्या, 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी. भाऊंना पाहून त्या हात पुसत बाहेरच आल्या.

"भाऊजी! किती वरसांनी! बसा. पोरी, तू बी बस."

सरबत झालं, चौकशा झाल्या. मग भाऊंनी येण्याचं कारण सांगितलं. रोगाचं नाव ऐकताच शालूबाईंनी मागं वळून पाहिलं. पोरांचं एक टोळकं भजी खात बसलं होतं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "ह्यांचं पोट फुगलं, डोळं पिवळं झालं, तवा गाव म्हनलं दारूनं गेला. मी न्हाई म्हनलं न्हाई. तसंच राहू द्या."

"वैनी, धोंडिबा थेंबाला शिवत नव्हता. गळ्यात माळ व्हती त्याच्या. त्याच्या वाटनीची रम बाकीची पोरं प्यायची."

"मला सांगता व्हय? माजाच नवरा हुता."

"मंग?"

"मंग काय? दारूनं मेल्याल्याच्या घरची भाकर लोक खात्यात, भाऊजी. ह्या रोगानं मेल्याल्याच्या घरची खातील का? तुमीच सांगा."

भाऊंनी सरबताचा पेला खाली ठेवला, उठले, हात जोडले. "चुकलं माजं, वैनी. पुन्ना इचारनार न्हाई."

आम्ही उतार उतरायला लागलो. वाटेच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं पडली होती. एका वळणावर ते थांबले, कठड्याला टेकले. मला वाटलं दम लागला.

"धोंडिबानं रगत दिलं म्हनून मी हितं हुबा हाय," ते म्हणाले. "आन् मी त्याच्या बायकोकडं त्याचं सडल्यालं काळीज मागाया गेलतो. कागदाला जोडाया. थू माज्यावर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून धोंडिबाच्या नावाचा सगळा मजकूर काढून टाकायला लावला. वकील चिडले. "असं केलंत तर हराल," म्हणाले. भाऊ म्हणाले, "हरू की." केस तशीच दाखल झाली.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, शालूबाई माझ्या दुकानात आल्या. एकट्या. वाडीतून मळवलीपर्यंत चालत आणि पुढं लोकलनं. त्यांच्या हातात कापडाची पिशवी होती. तिच्यात कागद, भाताच्या कणगीत ठेवलेले, त्यांना कोंडा चिकटला होता.

"भाऊजी पुन्ना आलं न्हाईत," त्या म्हणाल्या. "भांडलं असतं तर बरं झालं असतं. ह्यांचं कागद हायेत. बारा-तेरा वरसं झाली, कुनाला वाचाया दिलं न्हाईत. तू वाच."

धोंडिबाच्या शेवटच्या दवाखान्यातला अहवाल होता तो. मी दोनदा वाचला. मृत्यूचं कारण, यकृत निकामी. त्यामागचं कारण, दीर्घकालीन मद्यपान. आणि त्याच कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, रक्ताच्या तपासण्यांच्या रकान्यात, बारीक अक्षरांत: हिपॅटायटिस सी, पॉझिटिव्ह.

म्हणजे डॉक्टरांना माहीत होतं. तपासणी केली होती, निकाल हातात होता, तरी वर दारू लिहिली. का, ते मला आजही कळलेलं नाही. सोपं पडलं असेल. दारू लिहिली की पुढं कोणी काही विचारत नाही.

मी शालूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता कागदाकडे बोट केलं.

"दारू लिवलीय?"

"हो."

"कुनी?"

"डॉक्टरांनी."

"सही हाय?"

"आहे."

"शिक्का?"

"आहे."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. रडत नव्हत्या. तोंड आंबट काहीतरी चावल्यासारखं झालं होतं. "गाव काय बी बोलतंय गं. गावाकडं शिक्का न्हाई. म्या म्हनलं, बोलू दे. पर फौजवाल्यांनी? ज्यांच्यात येवढी वरसं राबला त्यांनी?" मग म्हणाल्या, "काय लिवून पायजे भाऊजींना? लिव. सगळं लिव."

"आणि टपरी?" मी विचारलं.

"बघू. लोक काय उपाशी गड चढत्यात?"

प्रतिज्ञापत्र तयार झालं. अंगठ्यासाठी मी शाईचं पॅड पुढं केलं, तर म्हणाल्या, "मला सही येती." आणि एकेक अक्षर कोरत नाव लिहिलं. वकिलांनी ते अहवालासह केसला जोडलं.

सुनावणीला मी नव्हते, भाऊंनी येऊन सांगितलं. समोरच्या वकिलानं पुन्हा गोंदणच काढलं. तेव्हा न्यायाधीशांनी भरतीचा कागद मागवला. "साहेबांनी माजा हात वर कराया लावला," भाऊ म्हणाले. "कागद बघितला, हात बघितला. मंग त्या वकिलाला म्हनले, हे गोंदन घेऊनच हा मानूस तुमच्याकडं आला होता, तवा निरोगी होता ना? त्यो म्हनला, व्हय साहेब. बस. येवढंच. ह्येला आठ वरसं."

निकाल २०२४च्या पावसाळ्यात लागला. पन्नास टक्के अपंगत्व मान्य, आजार सेवेतच जडला असं धरावं. सविता पेढे घेऊन दुकानात आली. मी आदेश वाचून दाखवत होते. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आलं: अर्जदारास संशयाचा फायदा देण्यात येत आहे.

भाऊंनी हातातला पेढा कागदावर ठेवला. "पुन्ना वाचा."

मी वाचलं.

"म्हंजे संशय हाय अजून?"

"नाही हो भाऊ," मी म्हणाले, "नियमातला शब्द आहे तो. सगळ्यांनाच तसं लिहितात."

"चोराला सोडताना म्हनत्यात असं."

"आवं, जितलो ना आपन?" सविता म्हणाली.

"जितलो."

"मंग तोंड असं का?"

ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "ताई, अजून एक अर्ज. पैसं नकोत, काय नको. ती ओळ खोडा म्हनावं. बायांची. माज्या दवाखान्याच्या कागदावर ती अजून हाय. उद्या मी मेल्यावर कुनी तरी वाचंल."

मी तो अर्ज केला. वकील हसले होते. म्हणाले, जिंकलेल्या केसमध्ये असा अर्ज कोणी करत नाही. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आपला दावा मंजूर झालेला असल्याने प्रकरण बंद करण्यात आले आहे. हे कार्यालय वैद्यकीय नोंदींत बदल करत नाही. भाऊंनी ते पत्र घडी घालून फायलीत ठेवलं. सविता म्हणाली की त्या दिवशी ते जेवले नाहीत.

केसची बातमी वाडीत पोचली आणि शालूबाईंच्या टपरीचं व्हायचं ते झालं. चढणाऱ्या लोकांना काही माहीत नसतं, ते खातात. पण शेजारच्या टपरीवाल्यानं त्यांना वाटेतच गाठून हळूच सांगायला सुरुवात केली, 'तिकडं नका बसू.' गावातल्या कार्यांना शालूबाईंकडून भाकऱ्या जायच्या, त्या थांबल्या. ज्यांनी बारा वर्षं धोंडिबाला दारुडा म्हणत त्यांच्या चुलीवरचं खाल्लं, तेच.

मग हौशीरामभाऊंनीच त्यांना माझ्याकडे आणलं. नवऱ्याचा मृत्यू सेवेतल्या आजारानं झाला असं मान्य व्हावं, म्हणून त्यांचं अपील केलं. उत्तर लवकर आलं या खेपेला: मुदत उलटून गेली आहे. उशीर माफ करण्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो. गेल्या महिन्यात त्यासाठी दोघं दुकानात बसले होते. त्या अर्जात उशिराचं कारण लिहायचं असतं.

"अज्ञान लिवा," भाऊ म्हणाले. "सगळे तेच लिवत्यात. कायदा म्हाईत नव्हता म्हनायचं."

"अडानी हाय म्हनून उशीर झाला न्हाई," शालूबाई म्हणाल्या. "लाज वाटत हुती म्हनून झाला. खरं हाय तेच लिव, पोरी."

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी तसंच टाइप केलं. वकिलांच्या नजरेला पडलं तर ती ओळ ते बदलतील बहुतेक, म्हणून अर्ज मी त्यांच्याकडे पाठवला नाही. त्याच दुपारी रजिस्टर पोस्टानं टाकला.